ग्रँटचे पेढे

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या स्प्रिंगफील्ड लेक्समध्ये 'ग्रँट' हा शब्द उच्चारताना माणसं आवाज खाली आणतात. पुण्यात पूर्वी 'तिला दिवस गेलेत' म्हणताना आणायची, तसा. 'अमक्यांची ग्रँट आली.' बस्स. कशाची, कुणी दिली, असं कुणी विचारत नाही. ग्रँट म्हणजे व्हिसा मंजूर झाल्याचा ईमेल. त्यातही पीआरची, म्हणजे कायम राहण्याची, ग्रँट आली की बायका एकमेकींच्या गळ्यात पडतात, पुरुष हात मिळवता मिळवता गृहकर्जाचे व्याजदर विचारतात, आणि मी पेढे करते.

पेढे मीच का, याला इतिहास आहे. आमची ग्रँट आली त्या दिवशी माझा नवरा गाडीचे टायर बदलायला गेला होता. फोनवर ईमेल बघून त्याने मेकॅनिकला मिठी मारली, आणि मेकॅनिकने 'मेट, नुसते टायर आहेत' असं म्हणत त्याची पाठ थोपटली. मी घरी एकटी. चांगले पेढे मिळायचे ते दुकान शहराच्या पार त्या टोकाला. मग मिल्क पावडर, कंडेन्स्ड मिल्क आणि तूप काचेच्या भांड्यात कालवून मायक्रोवेव्हमध्ये फिरवलं, वेलची घातली, हात भाजून घेत गोळे वळले आणि प्रत्येकावर अंगठा दाबला. ते अंगठ्याचे पेढे पुढे इतके गाजले की कुणाची फाईल इमिग्रेशनकडे गेली की मला आगाऊ मेसेज यायचा, 'काकू, मिल्क पावडर आणून ठेवा.' काकूंच्या हाताला गुण आहे, असंही लोक म्हणायचे. मी ते कधी नाकारलं नाही. मी नाटकातली बाई. मिळालेली टाळी परत करायची आम्हाला सवय नसते.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जी फजिती सांगणार आहे ती आमच्याच लोकांची होऊ शकते. फजिती असं मी मैत्रिणींच्यात म्हणते. खरा शब्द लाज असा आहे. पण तो शब्द घेऊन कुणी रंगमंचावर प्रवेश करत नाही.

करोनाच्या पहिल्या वर्षी आमच्या मंडळाची एकांकिका रद्द झाली. मी तिच्यात खाष्ट सासू होते आणि नुसती डावी भुवई उचलून सुनेला गप्प करायचं, याचा आरशासमोर कित्येक आठवडे सराव केला होता. त्यातच मी ज्या डेंटिस्टकडे रिसेप्शनवर आहे त्यांचा दवाखाना तातडीच्या पेशंटांपुरताच उरला. नोकरी अर्धी, प्रेक्षक शून्य. अशा अवस्थेत माझ्यासारखी बाई समाजकार्यात शिरते. आम्ही तिघी मैत्रिणींनी नोकऱ्या गेलेल्या भारतीय विद्यार्थ्यांना डबे द्यायला सुरुवात केली. आणि रोज संध्याकाळी मी तळ्याभोवती चालायला जायची, तिथे मला आमच्या मागच्या गल्लीतले एक आजोबा भेटायचे. ऑस्ट्रेलियन, ट्रक चालवून निवृत्त झालेले, दीड मीटरच्या नियमापेक्षाही लांब उभे राहून मोठ्याने बोलणारे.

एका संध्याकाळी ते फारच दुखावलेले दिसले. म्हणाले, शेजारच्या घरात एक कुटुंब आलंय. त्यातला माणूस न सांगता माझं गवत कापून देतो. अंगण झाडतो, फुटपाथ झाडतो, माझी कचऱ्याची बिन आत आणून ठेवतो. म्हणून मी त्याला बियरचे सहा कॅन दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात परत ठेवलेले. मी काय चुकलो? तू त्यांची भाषा बोलतेस ना, जरा विचार.

त्यांची भाषा कुठली हे आजोबांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. पण आमच्या रंगाची माणसं एकमेकांची भाषा बोलतात यावर इथल्या जुन्या पिढीचा गाढ विश्वास आहे. मी मनातल्या मनात कोडं सोडवूनही टाकलं होतं. मुसलमान असतील, बियर पीत नसतील, त्यात काय मोठंसं. दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांच्या डब्यांतला एक जास्तीचा भरला, त्यात मसालेभात, काकडीची कोशिंबीर, आणि निघाले दोन संस्कृतींमध्ये पूल बांधायला.

दार एका चाळिशीच्या बाईने उघडलं. मूळची अफगाण, पण क्वेट्टा शहरात वाढलेली, त्यामुळे उर्दू अशी की ऐकत राहावं. त्यावर माझं हिंदी. 'मैं ये डब्बा इधर ठेव के जाती हूँ,' हे माझं पहिलं वाक्य. तिने ते कपाळाला आठी न घालता समजून घेतलं आणि मला 'बाजी' म्हणाली. बाजी म्हणजे त्यांच्यात मोठी बहीण. आमच्यात बाजी म्हटलं की मिशा, दोन हातांत तलवारी आणि मागे खिंड. मी हसायला लागले. तिला कारण सांगितलं तेव्हा तिने माझ्या वरच्या ओठाकडे जरा जास्त वेळ पाहिलं. पार्लर बंद होती, तेव्हा तलवारी सोडल्या तर बाकी वर्णन जुळत होतं.

बियरचा उलगडा तिच्या नवऱ्याने केला. शांत, उंच माणूस. तिकडे लॉरीची इंजिनं दुरुस्त करायचा. तो म्हणाला, "बीयर का मसला ख़ुदा से है, बाजी, वह सुन लेता है. मज़दूरी का मसला डिपार्टमेंट से है."

मला कळेना. मग त्याने समजावून सांगितलं. ते लोक बोटीने आले होते. आधी सरकारने कित्येक वर्षं समुद्रातल्या एका दूरच्या बेटावर छावणीत ठेवलं, मग धाकट्या मुलीच्या आजारपणामुळे इकडे आणलं आणि या घरात उतरवलं. घर सरकारचं, भाडं सरकारचं, आठवड्याला खाण्यापिण्यापुरता भत्ता. काम करायचं नाही. पगार घेऊन नाही, वस्तू घेऊन नाही, आणि फुकट करायचं तरी आधी परवानगी. गवत कापलं हे शेजारधर्मात बसत होतं. त्यावर बियर घेतली तर ती मजुरी होऊ शकत होती. घाबरून त्याने स्वतःच केसवर्करला फोन करून सांगितलं होतं. केसवर्कर म्हणजे सरकारने नेमलेल्या संस्थेची मुलगी, ती या कुटुंबाचं बघायची. ती म्हणाली होती, परत केलेली बरी.

आजोबांना मी हे जाऊन सांगितलं.  ते म्हणाले की पुढच्या वेळी त्याचं गवत मी कापतो, बघू कुणाला काय म्हणायचंय ते. आणि खरंच कापलं. पुढे त्या दोन घरांचं गवत आमच्या सबर्बमधलं सगळ्यात छोटं गवत होतं. दोघे एकमेकांआधी उठायची शर्यत लावायचे.

मी मात्र त्या घरी रोज जायला लागले. घराचं वर्णन करायला हवं, कारण मी मनात काहीतरी भलतंच उभं केलं होतं, तारेचं कुंपण वगैरे. होतं ते अगदी आमच्यासारखं घर, बहुधा आमच्याच बिल्डरचं. तीन बेडरूम, तेच बदामी कार्पेट, तेच दुहेरी सिंक. फक्त भिंती कोऱ्या. खिळा ठोकायला परवानगी लागायची आणि खिळ्यासाठी कोण परवानगी मागणार. टेबल, खुर्च्या, पलंग, प्रत्येकाच्या पोटाखाली नंबराचं स्टिकर. रोजची झोप याच पत्त्यावर. परगावचा नातेवाईक मुक्कामाला यायचा तर आधी कळवायचं. मोठ्या मुलीला मैत्रिणीकडे रात्रभर राहायला बोलावलं तर मैत्रिणीच्या आईबापांची आधी चौकशी होणार. कुठली पंधरा वर्षांची मुलगी असली चौकशी वर्गात सांगेल? ती प्रत्येक वेळी डोकं दुखतंय म्हणून सांगायची. मी एकदा म्हटलं, घर किती छान ठेवलंय तुम्ही. ती फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "इट्स बेसिकली जेल विथ अ डिशवॉशर." आई ओरडली. मला मात्र लहानपणी पेपरात वाचलेला शब्द आठवला, स्थानबद्ध. पुढाऱ्यांना करायचे. तेव्हा तो मला मोठा मानाचा वाटायचा.

आता माझी गोष्ट. आपल्याकडे पाहुणचाराचा मूळ मंत्र एकच, बसा. तुम्ही बसा हो. काही करू नका. नुसतं बसा. पाहुण्याने ताट उचललं तर आपण ते हिसकावून घेतो. दवाखान्यातही दिवसभर माझ्या तोंडी तेच, 'हॅव अ सीट.' त्यामुळे ती चहा टाकायला उठली की मी तिला धरून बसवायची. ती डबा घासायला घेऊ लागली की मी तो ओढायची. आप बैठिए. आप कुछ मत कीजिए. मी आहे ना. मोठ्या प्रेमाने, हातवारे करून, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात.

एक दिवस मी असाच तिच्या हातातला डबा ओढला. तिने सोडला नाही. आम्ही दोघी दोन बाजूंनी धरून उभ्या. ती अगदी हळू बोलली.

"बाजी, बुरा मत मानिए. मुझे बैठने को मत कहा कीजिए. सरकार भी रोज़ यही कहती है."

मी डबा सोडला.  घरी आल्यावर मला एकेक सुचत गेलं. 'बसा' हा आपला सगळ्यात गोड शब्द, आणि 'बसून खातो' ही आपली सगळ्यात वाईट शिवी. क्रियापद तेच. मी त्या बाईला रोज दोन्ही एकदम वाढत होते.

दुसऱ्या दिवशी गेले ती मनाशी ठरवून. दारातच म्हटलं, मला तुझ्याकडून काम करून हवंय. तिने कुठलं म्हणून विचारलं. मी माझ्या वरच्या ओठावर बोट ठेवलं. ती इतकी हसली की नवरा आतून बघायला आला. क्वेट्ट्याला ती घरातच पार्लर चालवायची. लग्नसराईत जिन्यावर बायकांची रांग लागायची. पण हसून झाल्यावर तिचा चेहरा वकिलासारखा झाला. हे काम आहे का? मैत्रिणीने मैत्रिणीचं केलं तर नाही. पैसे घेतले तर आहे. मग डबा? डबा ही मजुरी होते का? आम्ही दोघी ओट्याला टेकून यावर खल करत राहिलो. शेवटी तिने निकाल दिला, "डब्बा पहले आया, भवें बाद में. उलटा होता तो तनख़्वाह होती."

मागच्या अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर मला बसवलं. दोऱ्याचं एक टोक दातांत, दुसरं दोन्ही हातांत. ती उभी आणि मी बसलेली. त्या दिवशी पहिल्यांदा ती मला आपल्या घरात असल्यासारखी दिसली. माझ्या डाव्या भुवईला तिने जी कमान दिली ती घेऊन मी कुठल्याही सुनेला गप्प केलं असतं.

साहजिकच मैत्रिणींनी व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि विचारायला लागल्या, कुठे केलंस, कोण करतंय, आम्हालाही ने. मी तिला उत्साहाने सांगितलं की माझ्याकडे चार गिऱ्हाइकं तयार आहेत, पैसे नको घेऊस, आम्ही काहीतरी युक्ती काढू, हळदीकुंकू करू, वाण देऊ. मला असल्या युक्त्या फार आवडतात. तिने मान हलवली. एक सहेली ही सहेली असते, म्हणाली, चार सहेल्या म्हणजे पार्लर. तिला युक्ती नको होती, परवानगी हवी होती. शॉपिंग सेंटरमध्ये थ्रेडिंगचा एक छोटा गाळा होता. चारही बाजूंनी उघडा, चार उंच खुर्च्या. मालकीण पंजाबी. तिने या बाईचं काम पाहिलं होतं आणि सांगून ठेवलं होतं की वर्क राइट्स आले की त्याच दिवशी येऊन उभी राहा. 'खड़ी हो जाना,' असं म्हणाली होती. ते शब्द ही मला पुन्हा पुन्हा सांगायची. उभं राहायचंय, बाजी, इतकंच. आम्ही दुधाला गेलो की ती त्या गाळ्यावरून मुद्दाम वळसा घेऊन जायची. करोनामुळे त्याच्यावर शटर ओढलेलं असायचं. ती शटरच्या फटीतून खुर्च्या बघायची.

तर असं सगळं चाललं असताना एका दुपारी मोठ्या मुलीचा मेसेज आला. 'व्हिसा ग्रँटेड. मम कॅन वर्क नाऊ. लोल.'

त्यातलं 'ग्रँटेड' मी वाचलं. 'लोल' वाचलं नाही.

मी स्वयंपाकघरात जी किंकाळी मारली तिने नवऱ्याची ऑफिसची मीटिंग म्यूट झाली. मिल्क पावडर बाहेर आली. ग्रुपवर मेसेज गेला, 'आपल्या ताईंची ग्रँट आली, सगळ्यांनी यायचंय, अंतर राखून.' आमच्या मंडळातल्या बायकांनी या ताईंना पाहिलंही नव्हतं, पण ग्रँट म्हटल्यावर ओळख लागत नाही. दोघी आल्याच. एकीने मंडळाच्या सामानातली लेझीम आणली. मी एकांकिकेसाठी घेतलेली हिरवी पैठणी नेसले. नथ घातली. चांदीच्या ताटात पेढ्यांचा डोंगर, वर एक नारळ. अशी आमची तिघींची मिरवणूक मागच्या गल्लीत शिरली आणि त्यांच्या ड्राइव्हवेवर थांबून आम्ही लेझीम वाजवली. शेजारचे आजोबा कुंपणाशी येऊन टाळ्या वाजवायला लागले. माझ्या आयुष्यातले मोजके चांगले प्रवेश आहेत, त्यातला तो एक.

दार उघडलं ते एका अनोळखी मुलीने. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब्लेट. मी तिला विचारलं, आमची ताई कुठे आहे. ती बाजूला झाली आणि मला आतलं दिसलं. हॉलमध्ये निळ्या चौकड्यांच्या मोठ्या पिशव्या. खुर्च्या एका रांगेत उलट्या करून ठेवलेल्या, पोटाखालची स्टिकरं वर. ती केसवर्कर नंबर वाचून टिपत होती. धाकटी मुलगी एका पिशवीवर बसली होती. मोठी जिन्यात उभी होती आणि माझ्या नथीकडे बघत होती.

लेझीम थांबायला थोडा वेळ लागला. मागच्या दोघींना आतलं दिसत नव्हतं.

ताई स्वयंपाकघरातून आली. हात ओले होते. तिने माझ्याकडे पाहिलं, पैठणीकडे, ताटाकडे, मागे उभ्या दोघींकडे. काय झालंय आणि आम्ही काय समजलोय हे तिला एका क्षणात कळलं. मी बघत होते, ते कळताना मला दिसलं. आणि मग तिने जे केलं ते मी तीस वर्षांच्या रंगभूमीवर कुणाला करताना पाहिलेलं नाही. तिने हात पुसले, माझ्या हातातलं ताट घेतलं, केसवर्करकडे वळून तिला इंग्रजीत सांगितलं की ही माझी मोठी बहीण आहे, मला कामाची परवानगी मिळाली म्हणून मिठाई घेऊन आली आहे. आणि पेढे वाटायला लागली. आधी केसवर्करला. मग मुलींना. मग बाहेर जाऊन माझ्या मैत्रिणींना आणि कुंपणावरून आजोबांना. प्रत्येकाला अगदी हसून. मैत्रिणींनी काँग्रॅच्युलेशन्स म्हटलं, आणि काही न कळता त्या घरी गेल्या.

केसवर्करने पेढा खाल्ला नाही. टिश्यूत गुंडाळून खिशात ठेवला. तरुण मुलगी होती. मला म्हणाली, आय'म रिअली सॉरी. मला वाटलं, दार तिने उघडलं म्हणून म्हणतेय.

मग ताईने आत येऊन रांगेतली एक खुर्ची सुलटी केली. "बैठिए, बाजी. कुछ दिन तो अभी हमारी है."

मी नथ घालून बसले आणि तिने उभ्यानेच सांगितलं. व्हिसा आला तो सहा महिन्यांचा. त्याच्या नावातच लिहिलं होतं की हा देश सोडून जाण्याच्या तयारीसाठी आहे. घर तीन आठवड्यांत रिकामं करायचं. भत्ता बंद. तेव्हापासून पोट आपलं आपण भरायचं, म्हणून कामाची परवानगी. हे सांगताना तिचा आवाज चढला नाही. फक्त शेवटी म्हणाली, "इजाज़त दे दी है, बाजी. जब काम नहीं है, तब दी है."

शॉपिंग सेंटरमधल्या त्या गाळ्याची पंजाबी मालकीण महिन्याभरापूर्वीच धंदा बंद करून गेली होती. शटरवर भाड्याने देणे आहे असा कागद लागला होता. मी तो पाहिला होता. तिनेही पाहिला होता. आम्ही एकमेकींना सांगितलं नव्हतं.

घरी येऊन मी पैठणी न सोडता पलंगावर बसून राहिले. नवऱ्याने विचारलं, झाला का कार्यक्रम? मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, तुला काय माहीत. खरंच होतं ते. मला काय माहीत? या देशात व्हिसा हा शब्द माझ्यासाठी एकाच बाजूने उघडणारं दार होता. तेच दार उलटं कुणाच्या अंगावर उघडतं हे कळायला मला कधी कारणच पडलं नव्हतं. मी नागरिकत्वाची शपथ घेतली तेव्हा त्यांनी एक झाडाचं रोप दिलं होतं. ते अंगणात छान वाढलंय. त्या संध्याकाळी मला त्याला पाणी घालावंसं वाटेना.

मग ग्रुपवर मी खरी हकीकत लिहिली आणि विचारलं, कुणाकडे जागा आहे का? रडक्या चेहऱ्यांची आणि जोडलेल्या हातांची रांग लागली. कुणी तांदळाच्या गोणी देऊ केल्या, कुणी गाद्या. जागा कुणी नाही. एरवी आमच्या सबर्बमध्ये प्रत्येक घरात एक खोली असते, आईबाबांची. त्या वर्षी सीमा बंद होत्या, आईबाबा पुण्यात आणि मुंबईत अडकलेले. प्रत्येक घरातली ती खोली आवरून ठेवलेली, चादर घातलेली, रिकामी. मी ग्रुपवर तसं लिहायला घेतलं आणि पुसून टाकलं. कारण आमच्याही घरात ती होती. सासूबाईंची खोली, देव्हाऱ्याशेजारी. त्यांना परवानगी मिळाली आणि त्या आल्या तर? चार माणसं, किती दिवस, आणि त्यांची कागदपत्रं तशी, आपल्याला काही त्रास? हे प्रश्न नवऱ्याने विचारले असते तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.  पण ते सगळे माझेच होते. मी रोज डबा घेऊन जात राहिले, आणि रोज खोलीबद्दल न बोलता परत आले.

शेवटी एका रात्री जेवताना मी नवऱ्याला विचारलं, त्यांना इथेच आणायचं का? तो म्हणाला, मी वाटच बघत होतो तू कधी विचारतेस. सकाळी उठून धावत गेले. दारासमोर कार्पेट धुणाऱ्यांची व्हॅन उभी होती. आजोबा बाहेरच होते. म्हणाले, काल दुपारी गेले, वर घाटावर, टूवूंब्याला. तिथे त्यांच्या गावचं कुणीतरी आहे, मागच्या अंगणातली खोली देतंय. तिच्या नवऱ्याला भाज्या पॅक करायच्या शेडमध्ये काम लागतंय. मीच सोडून आलो, म्हणाले, माझ्या यूटमधून, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाडीतून, दोन फेऱ्या. त्यांनी माझा डबा माझ्या हातात दिला. तिने त्यांच्याकडे ठेवायला दिला होता. त्यात सुकी जर्दाळू भरलेली होती. आमच्यातही डबा रिकामा परत करत नाहीत.

नंतर फोन होत राहिले. मग पुढच्या वर्षी, निर्बंध जरा सैल झाल्यावर, मी एकटीच गाडी काढून टूवूंब्याचा घाट चढले. आमच्याकडून तिथे थेट बस नाही. मोठ्या रस्त्यावर एका केस कापायच्या दुकानात मागच्या कोपऱ्यात तिला एक खुर्ची मिळाली होती. आठवड्यातून चार दिवस. व्हिसा दर सहा महिन्यांनी पुन्हा मागावा लागत होता. एकदा तो यायला उशीर झाला तेव्हा मालकाने तिला तितके दिवस घरी बसवलं होतं. फोनवर तिने हाच शब्द वापरला होता, 'बिठा दिया.'

मी आत शिरले तेव्हा ती एका शेतकरीणबाईच्या भुवया करत होती. दातांत दोरा, त्यामुळे बोलता येईना. नुसते डोळे मोठे केले. मी मिठी मारायला पुढे झाले तर तिने मानेने भिंतीकडच्या बाकाची खूण केली. तिथे आणखी दोघी होत्या. दोरा सोडल्यावर म्हणाली, "नंबर से, बाजी. बैठिए."

मी बसले. काही करायचं नव्हतं. मासिकं करोनामुळे काढून टाकलेली. दोघींचं होईपर्यंत मी तिला उभी बघत राहिले. पाय दुखत होते तिचे; एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत होती. माझ्या पर्समध्ये पेढ्यांचा डबा होता. सवयीने केले होते, घाटात गाडी वळवताना मनात आलं होतं की टाकून द्यावेत, आणि आता तो काढायला हात होईना. कशाचे म्हणून देणार?

माझा नंबर आला. तिने माझी मान मागे केली, डाव्या भुवईला बोट लावलं आणि जीभ टाळूला लावून चुकचुकली. कोणी वाट लावली हिची, म्हणाली. मी म्हटलं, तू गेलीस आणि मीच घरी केली. तिने पावडर लावली, दोरा दातांत धरला, आणि मग काहीतरी आठवल्यासारखा पुन्हा काढला. माझ्या पर्सकडे बघून तिने विचारलं, "इस बार पेढ़ा नहीं लाईं?"

थट्टेत विचारलं होतं. मला ते ऐकू येत होतं.  थ्रेडिंगमध्ये पहिल्याच ओढीला सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी येतं. माझ्या डोळ्यांत ते ओढीआधीच आलं होतं.

"हिलिए मत, बाजी," ती दोरा ताणत म्हणाली. "धागा फिसलता है."